ग्रुपवर दुसऱ्याची वेलांटी कशी दुरुस्त करावी

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा सूचना आली: ‘टाकी धुणार आहेत. शनीवारी पाणी येणार नाही, आणी शुक्रवारी रात्रीच भरून ठेवा.’ मी लगेच खाली लिहिलं, ‘आणि! जरा शुध्दलेखन सांभाळा.’ दोन मिनिटांत दहावीतल्या एका मुलीचं उत्तर आलं: ‘काका, शुद्धलेखन. अर्धा द आधी, मग ध.’ वर ‘शनीवारी’ माझ्या नजरेतून सुटलं होतं ते वेगळंच. पुढे तासभर द आणि ध यांवरच चर्चा रंगली, मूळ सूचना वर सरकून गेली आणि शनिवारी अर्धी बिल्डिंग कोरडी राहिली. तेव्हापासून कोणाची चूक काढायची असेल तर मी पुढच्या क्रमाने जातो.

१. चूक कुणाला नडणार आहे ते बघा

बहुतेक चुका कुणालाच नडत नाहीत. ‘आणी’ वाचून टाकी कधी धुणार ते कळतंच. पण एक मेच्या फ्लेक्सवर ‘महाराष्ट्र दीन’ छापून आलं, तर दिवसाच्या जागी दैन्य चौकात टांगलं जाईल. फ्लेक्स, लग्नपत्रिका, नोकरीचा अर्ज, शाळेची सूचना, म्हणजे जे छापलं जाणार किंवा परक्याच्या हाती पडणार, तिथे सांगावं. गप्पांमध्ये सोडून द्यावं. आणि कुणी गेल्याचा निरोप असेल, तर ‘श्रध्दांजली’ कशीही लिहिलेली असो, त्या दिवशी आपण व्याकरण जाणत नाही.

२. ती चूक आहे की बोली, हे ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. कोल्हापूरकडची बाई ‘मी आलो’ म्हणते, नागपूरचा माणूस ‘काय करून राहिला’ विचारतो. या त्यांच्या घरच्या भाषेच्या रीती आहेत, त्यांना दुरुस्तीची गरज नाही. ‘पानी’ लिहिणाऱ्याला हसणारे तर व्याकरणाच्या आडून त्याचं गाव आणि जात मोजत असतात. त्यात आपण नसावं. ‘केलं, झालं’ हे बोलण्यातलं रूप आहे, गप्पांत त्याला ‘केले, झाले’ करायला लावू नये. मंडळाच्या अहवालात मात्र ‘केले’च शोभतं.

वयाचाही विचार करा. आज ज्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे ते ‘नांव’, ‘कांही’ असं लिहितात, कारण त्यांना शाळेत तसंच शिकवलं होतं. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले ते १९६२च्या लेखननियमांनी. तेव्हा आजोबांना शिकवायला जाऊ नका, उलट त्यांना जुन्या पाठ्यपुस्तकांबद्दल विचारा, तास मजेत जाईल.

३. स्वतःचं तपासा

मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांना शासनाने मान्यता दिली. १९६२ साली चौदा नियम होते, १९७२ साली चार वाढले. अठराच आहेत, एका रविवारी वाचून होतात. न वाचता चूक काढणारे हमखास दोन ठिकाणी पडतात.

एक, शेवटची वेलांटी. ‘मराठीत शेवटची वेलांटी दीर्घ’ हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून ते बरोबर असलेलं ‘आणि’ मोडून ‘आणी’ करतात. ‘आणि’ आणि ‘नि’ हे अपवाद आहेत. ‘तथापि’, ‘परंतु’ यांसारखी तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशीच्या तशी आलेली, अव्ययंही ऱ्हस्वच राहतात.

दुसरं, सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं रूप. दूध-दुधाला, गरीब-गरिबाला, वीट-विटेला. इथे कुणी ‘गरीबाला’ असं सुधारून दिलं तर तो अन्याय आहे. पण शरीर हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून ‘शरीराला’च. हा फरक ज्याला पटकन सांगता येत नाही त्याने (म्हणजे बऱ्याचदा मी) आधी शब्दकोश उघडावा.

४. सांगायचंच तर खासगीत, आणि लवकर

व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो. त्या वेळेत खासगीत कळवलं तर ग्रुपवर गाजावाजा होत नाही. मी असं लिहितो:

‘ताई, पोस्टरवर “दीन” झालंय, “दिन” हवं. छापायला जायच्या आधी बघाल का?’

चुकीचा शब्द, बरोबर शब्द, कशासाठी सांगतोय. बस. नियमाचा क्रमांक नको, ‘मातृभाषेची ही दशा’ तर नकोच. एका वेळी एकच चूक सांगावी. पाच सांगितल्या की समोरचा पोस्टरच रद्द करतो आणि पुढच्या वर्षी ते काम आपल्या गळ्यात येतं.

५. भांडण चालू असेल तर अजिबात नको

पार्किंगवरून वाद पेटलाय आणि तुम्ही समोरच्याचा उकार पकडलात, तर तुमच्याकडे मुद्दा उरला नाही एवढंच सगळ्यांना दिसतं. वेलांटी तुमची बरोबर असते आणि गाडी त्याची तिथेच उभी राहते.

६. आपली चूक निघाली तर

‘धन्यवाद’ लिहा, संदेश बदला, विषय संपवा. मी त्या मुलीला ‘कीबोर्डमुळे झालं गं’ असं कळवलं होतं. तिने खाली नुसता अंगठा ठेवला.