छर्‍यांचा डबा घेताना लॉट नंबर बघा
स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिस ब्राँझ बघून रायफल हातात घेतलेल्या आपल्या कोल्हापूरच्या पोरांना एक सांगतो, पोझिशन ठीक असून पण ग्रुप (टार्गेटवर पडलेल्या शॉट्सचा पुंजका) पसरत असला तर नेम धरायची साइट फिरवत बसायच्या आधी छर्रे, म्हणजे एअर रायफलच्या गोळ्या, बघा. दहा मीटरला दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा, त्यामुळं हेड साइज (छर्‍याच्या पुढच्या टोकाचा व्यास) ४.४९ का ४.५० मिमी एवढ्यानं पण फरक पडतो, आणि कंपनी तीच मॉडेल तेच असलं तरी लॉट (एका वेळी बनवलेला माल) बदलला की ग्रुप बदलू शकतो. कोचला सांगून रायफल शिकंज्यात घट्ट बसवा, प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉट मारा, जो जमला त्याचेच डबे सीझनभराचे एकदम घेऊन टाका. आणि स्कर्ट (मागची पातळ कड) दबलेला छर्रा मॅचला अजिबात घालू नका, तो प्रॅक्टिसला पण नकोच.