चाळिशीच्या आत अंगठ्याचं मूळ दुखतंय? डॉक्टरकडे जाण्याआधी

जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची नावं हे सगळे नेतातच. कामांची यादी कुणी नेत नाही. मीही नेली नव्हती आणि पहिली भेट फुकट गेली. म्हणून आधी कामं लिहा. "अंगठा दुखतो" एवढ्यावर भागत नाही. कळ कणीक मळताना येते की ओली चादर पिळताना? बरणीचं झाकण उघडताना की कुलपात किल्ली फिरवताना? कात्री, पाना, मोबाईल, लहान मूल उचलणं, सगळं लिहा, आणि रोज किती वेळ तेही. चिमटीत एक किलोचा जोर लावला तर मुळाच्या सांध्यावर जवळपास बारा किलोचा भार येतो. उपचार नुसत्या वयाच्या आकड्यावरून ठरत नाहीत, कामावरूनही ठरतात.

एक्स-रे अंगठ्याचा वेगळा काढायला सांगा. पंजाच्या साध्या एक्स-रेत अंगठा तिरका पडतो, सांध्यातली फट नीट दिसत नाही. आणि एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे दुखणं खोटं, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. तरुण वयात बऱ्याचदा सांधा झिजण्याआधी त्याला धरून ठेवणारं लिगामेंट सैल झालेलं असतं. अंगठ्याला जुना मार असेल, बोटं नको तितकी मागे वाकत असतील, घरात कुणाला संधिवात असेल तर आठवणीने सांगा. हाडवैद्याकडे अंगठा ओढून घेऊ नका. अजिबात नाही.

स्प्लिंट, म्हणजे अंगठ्याला आधार देणारी पट्टी, वापरत असाल तर सोबत न्या. चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून ती कपाटात टाकू नका, काही आठवडे द्यावे लागतात. व्यायाम हाताच्या थेरपिस्टकडून शिका, व्हिडिओ बघून नको. इंजेक्शन ठरलं तर डायबिटीस आहे हे आधी सांगा, स्टिरॉइडने काही दिवस शुगर चढते.

ऑपरेशनचा विषय निघाला की तीच यादी पुन्हा पुढे करा. सांधा फारसा झिजला नसेल तर लिगामेंट नव्याने बांधता येतं. जड काम करणाऱ्याच्या सांध्याची हाडं कायमची एकमेकांना जोडून टाकली तर पकड भक्कम राहते, पण तळहात टेबलावर सपाट टेकत नाही. तबला वाजवणाऱ्याला आणि गवंड्याला एकच सल्ला कसा चालेल? यादी दाखवा.

ऑपरेशन ठरलं तर तंबाखू, सिगारेट बंद, त्यांनी हाड जुळायला जास्त वेळ लागतो. अंगठी घरी ठेवा. प्लॅस्टर काही आठवडे असतं, गाडी चालवता येणार नाही, रजा त्या हिशेबाने टाका.