इबानाग भाषेचे व्याकरण लिहायला घेताना

फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर, उत्तरेकडील कागायान नदीच्या खोऱ्यात, मुख्यतः कागायान आणि इसाबेला या प्रांतांत इबानाग बोलली जाते. तिचे वर्णन मराठीतून करू पाहणाऱ्याने कर्ता, कर्म आणि आठ विभक्त्या हा शाळेतला साचा बाजूला ठेवावा आणि सुरुवात ध्वनींपासून करावी.

शेजारच्या इलोकानो भाषेत चंद्राला ‘बुलान’ म्हणतात, इबानागमध्ये ‘वुलान’. ‘माफुलु’ म्हणजे दहा; त्यातील ‘फ’ आपल्या ‘फळ’मधला नसून ‘ऑफिस’मधला आहे, हे वाचकाला आरंभीच सांगावे. ‘ताल्लु’ (तीन) आणि ‘आन्नाम’ (सहा) यांतील जोड व्यंजने मात्र ‘पत्ता’ आणि ‘पता’ यांतला फरक जाणणाऱ्या मराठी कानाला सहज कळतात. ‘आप्पा’’ (चार) या शब्दाच्या अखेरीस गळ्यात श्वास क्षणभर अडतो, त्यासाठी निराळी खूण ठरवावी आणि ती शेवटपर्यंत पाळावी.

खरी कसोटी क्रियापदाची. वाक्यात ते बहुधा आधी येते आणि कोणत्या नामाला प्राधान्य आहे ते आपल्या रूपातून सांगते: ‘कान’ या धातूपासून ‘कुमान’ झाले की खाणारा पुढे येतो, ‘कानान’ झाले की खाल्ली जाणारी वस्तू. ‘किनान ना आब्बिंग इ मांग्गा’ (मुलाने आंबा खाल्ला) हे वाक्य घ्या. क्रिया घडून गेल्याचे ‘किनान’मधील ‘-इन-’ सांगतो, प्राधान्य असलेल्या आंब्याआधी ‘इ’ येतो आणि खाणाऱ्या मुलाआधी ‘ना’. ‘मुलाने आंबा खाल्ला’ या मराठी वाक्यातही क्रियापदाचे रूप आंब्यानुसार ठरते, त्यामुळे ही रचना आपल्याला परकी वाटत नाही. पण मराठीत असे मुख्यतः भूतकाळात घडते, तर इबानागमध्ये ‘कानान’सारख्या रूपांमुळे इतर काळांतही घडते. म्हणून याला ‘कर्मणी प्रयोग’ म्हणून मोकळे होणे मला घाईचे वाटते. शिवाय तोच ‘ना’ ‘बालाय ना आब्बिंग’ (मुलाचे घर) येथे षष्ठीचे काम करतो. त्याला तृतीया किंवा षष्ठी असे एकच नाव देण्याऐवजी ‘ना’ हेच शीर्षक ठेवून त्याखाली दोन्ही उपयोग नोंदवावेत.

सर्वनामांच्या प्रकरणात मराठी लेखकाचे श्रम वाचतात, कारण ‘सित्ताम’ आणि ‘सिकामि’ यांना ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हे प्रतिशब्द नेमके बसतात.

1854 साली मनिलात छापलेला इबानाग-स्पॅनिश कोश शब्दांसाठी अवश्य चाळावा, मात्र त्यातील स्पॅनिश वळणाचे लेखन जसेच्या तसे उचलू नये. बोलणाऱ्यांकडून उदाहरणे घेताना सुट्या वाक्यांचे भाषांतर मागण्यापेक्षा एखादी हकिकत सांगायला लावावी, कारण प्राधान्य एका नामावरून दुसऱ्यावर कधी सरकते ते सलग बोलण्यातच दिसते. प्रत्येक उदाहरणाखाली घटकनिहाय अर्थ, मग मराठी वाक्य, आणि सांगणारा कागायानमधील तुगेगारावचा की इसाबेलातील इलागानचा, हेही लिहावे.