नळ ‘रन’ होतो तेव्हा: एका इंग्रजी शब्दाचे शेकडो अर्थ कसे पकडावेत

शिकवणीला येणाऱ्या एका मुलाने वहीत लिहिलं होतं, ‘नळ पळत आहे.’ मूळ इंग्रजी वाक्य होतं ‘द टॅप इज रनिंग’. चूक अगदी प्रामाणिक होती. रन म्हणजे पळणे, एवढंच पाठ केलेलं. नळाशेजारी रन दिसला आणि पोरगं दोन्ही जोडून मोकळं झालं.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी ‘रन’ नव्याने तपासायला घेतला, तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच 645 अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर या संपादकाचे त्यात नऊ महिने गेले. त्याआधी, 1989 च्या आवृत्तीत, सगळ्यात लांबलचक नोंदीचा मान ‘सेट’कडे होता, त्याचे 430. तेव्हा सगळे अर्थ पाठ करायचा बेत असेल तर तो आताच सोडा. त्यापेक्षा असं करून बघा.

आधी ‘लागणे’ आठवा

भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, झाडाला आंबे लागतात, लग्न लागतं, दृष्ट लागते आणि स्टेशनवर पोचायला दहा मिनिटं लागतात. यातला एकही अर्थ आपण कधी पाठ केला नाही. ‘लागणे’ आपल्या कानावर एकटं आलंच नाही. भूक, ठेच, निकाल असं कुणीतरी हाताला धरूनच आलं. इंग्रजी घरातलं मूल ‘रन’ असाच शिकतं. म्हणून वहीत ‘रन = पळणे’ असं लिहू नका. अख्खं वाक्य उतरवून घ्या, निदान शेजारच्या शब्दासकट जोडी तरी.

कोण ‘रन’ करतंय ते विचारा

माणूस, कुत्रा, घोडा असेल तर धावतो. पाणी, नाक, शाई असेल तर वाहते. बस, यंत्र, नाटक असेल तर चालतं. इंग्रजीच्या एका शब्दाची कामं मराठीत धावणे, वाहणे, चालणे या तिघांनी वाटून घेतली आहेत. नव्या वाक्यात ‘रन’ दिसला की हे तिघे आळीपाळीने लावून बघा. ‘हर नोज इज रनिंग’ म्हणजे तिचं नाक वाहतंय. ‘द प्ले रॅन फॉर टू इयर्स’ म्हणजे नाटक दोन वर्षं चाललं. निम्म्याहून अधिक वाक्यं इथेच सुटतात.

वाहण्याचा अर्थ पळण्यावरून मागाहून ओढून आणला असेल, असं मला बरीच वर्षं वाटायचं. तसं नाही. जर्मन भाषेत याच शब्दाचे दोन चुलतभाऊ आहेत: ‘रेनेन’ म्हणजे पळणं आणि ‘रिनेन’ म्हणजे पाणी वाहणं, झिरपणं. दोन्ही अर्थ एकाच घरातले आहेत. मधे खंड न पडता पुढे जात राहणं, हे चित्र डोळ्यासमोर ठेवलं की तिघांत न बसणारेही ओळखू येतात. रस्ता नदीकाठाने ‘रन’ होतो, म्हणजे जातो. एखादा आजार कुटुंबात ‘रन’ होतो, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या येत राहतो. धुताना कपड्याचा रंग ‘रन’ झाला, म्हणजे गेला, आणि बहुधा शेजारच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला.

मग कर्म आहे का ते बघा

‘शी रन्स’ म्हणजे ती धावते. ‘शी रन्स अ शॉप’ म्हणजे ती दुकान चालवते. मराठीत चालणेचं चालवणे होतं, त्यामुळे फरक ऐकू येतो. इंग्रजीत शब्द तोच राहतो आणि फरक पुढच्या कर्मावरून ओळखावा लागतो. काही जोड्या मात्र तशाच लक्षात ठेवायच्या. ‘रन अ बाथ’ म्हणजे आंघोळीसाठी टबात पाणी सोडणं, ‘रन अ फीव्हर’ म्हणजे अंगात ताप असणं, ‘रन अ रिस्क’ म्हणजे धोका पत्करणं. वर्तमानपत्राने ‘रन अ स्टोरी’ केलं, तर बातमी छापली.

निवडणुकीची गंमत वेगळीच आहे. मराठीत उमेदवार उभा राहतो. ब्रिटनमध्येही तो ‘स्टँड’च करतो. अमेरिकेत मात्र ‘रन’ करतो. त्यामुळे अमेरिकेतल्या बातमीत कुणी ‘रन’ करतोय असं वाचलंत, तर पळून जातोय असं समजू नका.

शेपटाकडे दुर्लक्ष नको

मागे चिकटणारे आउट, इंटू, ओव्हर, डाउन हे शब्द अर्थ पार फिरवतात. क्रिकेटमुळे रनआउट आपल्या घरचाच आहे, पण ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’चा यष्ट्यांशी काही संबंध नाही, दूध संपलंय. ‘रन इंटू’ तर आणखी लबाड. मित्राला ‘रन इंटू’ केलं तर वाटेत अचानक गाठ पडली, झाडाला केलं तर गाडी आपटली. अशा जोड्यांना वहीत वेगळं पान द्या आणि एका दिवशी दोनाहून जास्त घेऊ नका. मोठी यादी एका बैठकीत उरकणाऱ्यांच्या डोक्यात आठवड्यानंतर फक्त गोंधळ उरलेला मी पाहिला आहे.

समानार्थी शब्द शेवटी, आणि गटागटाने

पीटर मार्क रोजे हा पेशाने डॉक्टर. 1852 साली त्याने इंग्रजी शब्दांचा ‘थिसॉरस’, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, काढला, तो अक्षरांप्रमाणे न लावता कल्पनांप्रमाणे लावून. अशा मांडणीचा सगळ्यात जुना नमुना म्हणून प्रस्तावनेच्या तळटीपेत त्याने अमरकोशाचा उल्लेख केला आहे. आपल्याकडे पोरं जो घोकत असत, तोच.

तुम्हीही तसंच करा. ‘रन’चे समानार्थी शब्द एका ओळीत लिहू नका, कारण ते एकमेकांचे समानार्थी नसतात. ‘फ्लो’ वाहण्याच्या गटात, ‘मॅनेज’ चालवण्याच्या, ‘स्प्रिंट’ धावण्याच्या. नाक ‘स्प्रिंट’ करत नाही.

मग एका गटातले शब्द एकाच वाक्यात बसवून बघा. धावण्याचा गट सर्वांत मजेदार आहे. ‘जॉग’ म्हणजे व्यायामासाठी सावकाश धावणं, ‘स्प्रिंट’ म्हणजे थोडं अंतर जीव तोडून, ‘डॅश’ म्हणजे घाईघाईत चटकन. ‘बोल्ट’ म्हणजे घोडा बुजून उधळतो तसं, ‘स्कॅम्पर’ म्हणजे खार किंवा लहान मूल तुरुतुरु पळतं तसं, ‘फ्ली’ म्हणजे संकटातून पळ काढणं. मराठीतही धूम ठोकणं आणि पोबारा करणं यांची अदलाबदल आपण बिनदिक्कत करत नाही.

चालवण्याच्या गटात फरक बारीक असतो. हॉटेल ‘मॅनेज’ करणारा बहुधा कारभार बघतो, मालक दुसराच असू शकतो. ‘रन’ करणारा मालकही असेल, नोकरही. ‘ऑपरेट’ यंत्राला किंवा बससेवेला शोभतं. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीला लावलं तर सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. शंका आली तर साधा ‘रन’च ठेवा.

कोश उघडताना

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात आणि अमेरिकेच्या मेरियम-वेबस्टरमध्ये जुना अर्थ आधी येतो. तिथला पहिला अर्थ रोजच्या वापरातला असेलच असं नाही. शिकणाऱ्यांसाठीचे कोश वेगळे मिळतात; त्यांत सोपी व्याख्या आणि उदाहरणाचं वाक्य असतं. सुरुवात त्यांच्यापासून करा, आणि व्याख्येच्या आधी उदाहरण वाचा. व्याख्या न वाचता अर्थ लागला, तर ते वाक्य वहीत घ्या. नाही लागला, तरीही घ्या, फक्त शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवा. पंधरा दिवसांनी ती पानं पुन्हा उघडा आणि जी प्रश्नचिन्हं खोडता येतील ती खोडा.