लघवीतलं क्लोराईड मोजताना या चुका टाळा

लघवीतल्या क्लोराईडचा (मिठातल्या एका घटकाचा) आकडा विचित्र आला की सगळे आधी मशिनवर संशय घेतात. मी म्हणेन, आधी डबा बघा. कॅल्शियम किंवा ऑक्झलेटसाठी चोवीस तासांची लघवी जमवायची असेल, तर त्या डब्यात बऱ्याचदा हायड्रोक्लोरिक आम्ल घालून देतात. त्या आम्लातच क्लोराईड असतं! तोच नमुना क्लोराईडला लावला की रुग्णाचं क्लोराईड बाजूला राहतं आणि आम्लाचंच मोजलं जातं. असा नमुना वाचवता येत नाही, पुन्हा चोवीस तास जमवावं लागतं. क्लोराईडसाठी काहीही न घातलेला स्वच्छ, कोरडा डबा घ्या आणि थंड जागी ठेवा.

जमवताना गोंधळ होतो तो पहिल्या लघवीचा. सकाळी सातला सुरुवात केली, तर सातची लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सातची मात्र डब्यात घ्यायची. मधली एखादी राहिली तर लपवू नका, लॅबला सांगा. त्याच नमुन्यात क्रिएटिनिन (स्नायूंतून रोज साधारण सारखंच बाहेर पडणारं द्रव्य) मोजलं की नमुना अपुरा असल्याची शंका येते.

एकाच वेळच्या नमुन्यात खरा घात वेळेचा होतो, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. उलट्यांनी रक्त अल्कधर्मी झालेल्या माणसाच्या लघवीत क्लोराईड लिटरला साधारण 20 मिलीमोलच्या खाली जातं. सोडियम अशा वेळी फसवतं, कारण बाहेर पडणारं बायकार्बोनेट त्याला सोबत ओढून नेतं. म्हणून तर डॉक्टर मुद्दाम क्लोराईड मागतात. पण सलाईनची, म्हणजे मिठाच्या पाण्याची, बाटली संपल्यावर नमुना घेतला, तर तो कमी आकडा दिसणार कसा? शक्य असेल तेव्हा नमुना आधी, सलाईन नंतर. लघवी वाढवणाऱ्या गोळीचंही तसंच आहे. तिचा अंमल असेपर्यंत क्लोराईड जास्त दिसतं, ओसरला की खाली येतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, शेवटची कधी घेतली ते फॉर्मवर लिहा.

रक्तातलं क्लोराईड लिटरला 98 ते 107 मिलीमोल असतं, ते माप लघवीला लावू नये. चोवीस तासांत 110 ते 250 मिलीमोल अशी मर्यादा बरेच ठिकाणी छापतात, पण ती खाण्यावर हलते. एक ग्रॅम मिठात सुमारे 17 मिलीमोल क्लोराईड असतं, त्यामुळे लोणचं-पापडाचा आठवडा आणि अळणी जेवणाचा आठवडा यांचे आकडे जुळणारच नाहीत.

फँटस पद्धतीने हाताने मोजणाऱ्यांसाठी एक गोष्ट. लघवीचे 10 थेंब, 20 टक्के पोटॅशियम क्रोमेटचा एक थेंब, मग रंग विटकरी होईपर्यंत 2.9 टक्के सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. जितके थेंब, तितके ग्रॅम मीठ लिटरला. ड्रॉपर नळाच्या पाण्याने धुतलात तर त्या पाण्यातलं क्लोराईडही सिल्व्हर खातं आणि थेंब वाढतात. डिस्टिल्ड पाणीच वापरा, आणि तिन्ही द्रवांना ड्रॉपर एकच ठेवा, नाहीतर थेंबांचा आकार बदलतो.

इलेक्ट्रोडच्या मशिनवर ब्रोमाईडही क्लोराईड म्हणून मोजलं जातं. रुग्ण ब्रोमाईड असलेलं औषध घेत असेल, तर तेही फॉर्मवर हवं.