गाण्यासाठी कॉलेज बघताय? आधी टाइमटेबल मागा

बारावीचा निकाल लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, पोरगी छान गाते, विशारदपर्यंत परीक्षा झाल्यात, आता बीए म्युझिकला घालायचंय, कुठलं कॉलेज चांगलं? मी उलट विचारते की तिथे तिला शिकवणार कोण, तर पलीकडून एकदम शांतता. म्हणजे बिल्डिंग बघितली, फी विचारली, हॉस्टेलची मेसपण बघून आले, पण ज्या माणसासमोर तीन वर्षं बसायचंय त्याचं गाणं एकदाही ऐकलेलं नाही. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. मी गायनाचं लिहितेय, तबला-सतारवाल्यांना बरंचसं तसंच लागू होईल. वेस्टर्नचं जग वेगळं आहे, ट्रिनिटीच्या ग्रेड्स वगैरे, त्यात मी पडत नाही.

सगळ्यात आधी डोक्यातला एक गोंधळ काढा. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद आणि युनिव्हर्सिटीची बीए या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि त्या परंपरेतून पुढे प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या या परीक्षा आल्या, त्यांना मान आहेच, पण पुढे कॉलेजात शिकवायचं असेल तर एमए आणि नेट किंवा सेट (प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षा) हाच साधारण रस्ता. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमांत कलाकारांसाठी एक वेगळी वाट आहे, नावाजलेल्या गुरूंकडे शिकलेला, आकाशवाणी किंवा दूरदर्शनचा ए ग्रेड कलाकार असेल तर नेटशिवाय चालतं, पण बघा, तिथेही ग्रॅज्युएशन लागतंच. त्यामुळे 'डिग्रीची काय गरज' असं सरसकट म्हणू नका. आणि डिग्री झाली म्हणजे गाणं आलं असंही नाही, आमच्या बॅचमधले निम्मे लोक पहिल्या वर्गात पास झाले आणि आज तासभर यमन राग मांडू शकत नाहीत.

आता मुद्द्याचं. कॉलेजात गेलात की ब्रोशर नको, टाइमटेबल मागा. आणि त्यात फक्त एकच मोजा, आठवड्यातून किती वेळ मुलगी गुरूसमोर एकटी किंवा दोघी-तिघींत बसून गाणार आहे. बाकी थिअरी, रागांची माहिती, घराण्यांचा इतिहास, एन्व्हायर्नमेंटचा पेपर, हे सगळं असणारच आणि त्यातलं काही चांगलंही असतं, पण गळा तयार होतो तो समोर बसूनच. मी ज्या कॉलेजात पहिलं वर्ष काढलं (नाव सांगत नाही) तिथे आम्ही चौदा जण एका वर्गात, मुलंमुली एकत्र, आणि सर पेटी काळी दोनवर (पेटीवरच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा सूर 'सा' धरून) लावून बसायचे. मुलांचा स्वर काळी एक, काळी दोनच्या आसपास, मुलींचा काळी चार, पांढरी पाच, म्हणजे आम्ही मुली वर्षभर एकतर खर्जात, म्हणजे अगदी खालच्या सुरांत, गुरगुरत होतो नाहीतर नुसत्या वह्या भरत होतो. नोटेशन मात्र सुंदर अक्षरात आहे अजून. तर हा प्रश्न नक्की विचारा, मुलामुलींना वेगळ्या पट्टीत शिकवता का, वेगळ्या बॅचेस आहेत का. उत्तर द्यायला अडखळले तर समजून जा.

सिलॅबस बघताना उलटा विचार करायचा. राग जितके जास्त तितकं चांगलं असं पालकांना वाटतं, पण एका वर्षात रागांची लांबच लांब यादी असेल तर प्रत्येक रागाला एक बंदिश, चार आलाप, सहा ताना पाठ करून परीक्षेत ओकायच्या एवढंच होतं. मार्क कशाला आहेत तेही बघा, रंगमंच सादरीकरणाला वेगळे मार्क आहेत का, आणि त्यात विद्यार्थ्याला सलग किती मिनिटं गायला मिळतं. दहा मिनिटांत विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालाचा जेमतेम एक आलाप होतो.

मग तिथे जाऊन एक दिवस बसाच. वर्गात बसू देत नसतील तर कॉरिडॉरमध्ये बसा, कान उघडे ठेवा. तानपुरे आहेत का, असले तर लावलेले आहेत का, की कोपऱ्यात गवसणीत धूळ खातायत आणि सगळं मोबाइलच्या ॲपवर चाललंय? महाराष्ट्रात मिरजेसारखं गाव आहे तंबोऱ्यांचं, तरी संगीत विभागातल्या तंबोऱ्याची जवारी (तारांना झंकार देणारी घोडीवरची जुळणी) गेलेली असावी याचं मला दरवेळी वाईट वाटतं. साथीला तबलजी रोज असतो की फक्त परीक्षेच्या आठवड्यात? सकाळी लवकर रियाजाला खोली उघडून मिळते का? हॉस्टेलला राहणाऱ्यांना हा प्रश्न फारच महत्त्वाचा, कारण पहाटे पाचला खर्ज लावला की रेक्टरकडे तक्रार जाते. आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं गाणं ऐका, पहिल्या वर्षाच्या नाही. टॉपरचं तर नाहीच, कारण टॉपर बहुतेक वेळा बाहेर कुणाकडे तरी वर्षानुवर्षं शिकत असतो आणि कॉलेज त्याचा फोटो लावतं. मधल्या मुलाचं ऐका. तो सुरात असेल आणि स्वतःचं काहीतरी गात असेल तर कॉलेज शिकवतंय.

पर्याय म्हणाल तर पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र, त्याला गुरुकुलच म्हणतात आणि तिथे संगीत, नृत्य, नाट्य एकाच आवारात, तबला शिकणाऱ्याला ही सोय मोठी कारण नाचाची साथ कानावर पडत राहते. भारती विद्यापीठाचं स्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स आहे. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, मुलींसाठी एसएनडीटी, जिथे प्रभाताई अत्रे विभागप्रमुख होत्या. गोव्याकडच्यांना पणजीत गोवा कॉलेज ऑफ म्युझिक. बाहेर जायची तयारी असेल तर बडोदा, तिथली गायनशाळा सयाजीरावांनी 1886 साली सुरू केली, शिवाय बनारसचं बीएचयू आणि खैरागढचं विद्यापीठ, जे कलांसाठीच आहे. आणि या सगळ्याहून वेगळं म्हणजे कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी, 1977 पासून चालू, तिथे कॅम्पसवर गुरूंच्या सहवासात राहून शिकायचं, पं. उल्हास कशाळकरांनी तिथे कित्येक वर्षं शिकवलंय. पण तिथे तयारीचे लोक घेतात, बारावीनंतर सहज ॲडमिशन मिळेल असं धरून चालू नका. यातलं कुठलंही नाव मी लिहिलं म्हणून घेऊ नका, आज तिथे कोण शिकवतंय हे दरवर्षी बदलतं.

शहराचाही हिशोब करा. पुण्यात राहिलं की डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव, आणि एरवीही कुठेतरी संध्याकाळी बैठक असतेच, बरेचदा फुकट. लहान गावात फी कमी लागेल, रियाजाला शांतता मिळेल, पण ऐकायला काय मिळणार? यूट्यूबवर ऐकणं वेगळं आणि तीन फुटांवर बसून गायकाचा श्वास ऐकणं वेगळं.

पैशांचं थोडक्यात. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी स्कॉलरशिप आहे, 18 ते 25 वयोगटाला, महिना 5000 रुपये, दोन वर्षं. जाहिरातीवर लक्ष ठेवा, फॉर्मला गुरूंची सही लागते म्हणून ऐनवेळी धावपळ करू नका.

ऑडिशनला शहाणपणा करून अवघड राग गाऊ नका. जोग, मारवा दाखवायला जाल आणि निषाद डळमळला की संपलं. यमन, भूप, बागेश्री, जो दोन वर्षं घोटलाय तो गा, विलंबितात सम (तालाची पहिली मात्रा) नीट गाठा, तानांची घाई नको. काही ठिकाणी परीक्षक स्वर देऊन ओळखायला सांगतात, हातावर ताल धरून दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत, म्हणायला सांगतात, ते घरी करून जा.

आणि जे बहुतेक जण विसरतात ते, आत्ता जे गुरू शिकवतायत त्यांना विचारलंय का? कॉलेजातले गुरू दुसऱ्या घराण्याचे असतील तर आवाज लावायची पद्धतच बदलते, ग्वाल्हेरवाल्याला किराण्यात नेऊन बसवलं की पहिलं वर्ष गोंधळातच जातं. काही कॉलेजात बाहेरच्या गुरूंकडे शिकणं चालतं, काही ठिकाणी तोंडी हो म्हणतात आणि नंतर कुरबुरी सुरू होतात, तेव्हा विभागप्रमुखांना आधीच स्पष्ट विचारून घ्या. आणि आपल्या गुरूंना हे व्हॉट्सॲपवर कळवू नका. घरी जा, फॉर्म भरायच्या आधी, आई-बाबांना घेऊन.