वॉर्निंग्स साफ करायला बसण्याआधी

सीशार्पच्या प्रोजेक्टमध्ये ॲनालिसिस मोड ऑल केला, म्हणजे कोड तपासायचे सगळे नियम चालू केले, की एकदम शेकडो वॉर्निंग्स येतात आणि हात सरळ सप्रेसकडे, म्हणजे वॉर्निंग नुसती दाबून टाकण्याकडे जातो, तसं प्लीज करू नका. आधी चालू कोड कमिट करा, म्हणजे गिटसारख्या टूलमध्ये नोंदवून ठेवा, टेस्ट पास होतायत ना बघा, कारण वॉर्निंग घालवताना कोडचं वागणं बदललं तर लगेच कळायला हवं. मग वॉर्निंगचा नंबर घ्या आणि मायक्रोसॉफ्टचं त्या नंबराचं पान उघडा, एका ओळीच्या मेसेजवर भागत नाही, तिथे कारण, उपाय आणि ती कधी सोडून दिली तर चालेल हेही लिहिलेलं असतं.

सगळ्यात जास्त वेळ सीए२२१४ ला द्या. हा नियम म्हणतो, कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड) व्हर्च्युअल मेथड (डिराइव्ह्ड, म्हणजे इनहेरिट करणारा क्लास जी ओव्हरराइड करून स्वतःची देऊ शकतो ती) कॉल करू नका. बऱ्याच जणांना ही उगाच किरकिर वाटते, पण बेस क्लासचा कन्स्ट्रक्टर आधी चालतो आणि तिथून व्हर्च्युअल मेथड बोलावली की डिराइव्ह्ड क्लासने ओव्हरराइड केलेली मेथड चालते, आणि त्या डिराइव्ह्ड क्लासच्या कन्स्ट्रक्टरची बॉडी तर अजून सुरूच झालेली नसते, मग त्या बॉडीत तयार होणारी लिस्ट अजून नल, म्हणजे रिकामीच, आणि ती वापरली की नल रेफरन्स एक्सेप्शन! जावात तर अजून वाईट, फील्डला जागेवरच व्हॅल्यू दिली असली तरी ती बेसचा कन्स्ट्रक्टर संपल्यावर भरली जाते. सीप्लसप्लसमध्ये उलट, तिथे बेसचीच मेथड चालते. म्हणून दुरुस्तीआधी त्या क्लासला कोण कोण इनहेरिट करतंय ते आयडीईत शोधून ठेवा, कोणीच नसेल आणि पुढेही नको असेल तर क्लास सरळ सील्ड करा, म्हणजे त्याला कोणी इनहेरिटच करू शकणार नाही.

इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का ते ठरवणारी मेथड) ओव्हरराइड केलंय पण गेट हॅशकोड (डिक्शनरी ज्या आकड्यावरून ऑब्जेक्ट शोधते तो देणारी मेथड) नाही, ही सीएस०६५९ वॉर्निंग कंपायलरच देतो, ती त्याच दिवशी मिटवा, नाहीतर डिक्शनरीत टाकलेला ऑब्जेक्ट त्याच्यासारख्याच दुसऱ्या ऑब्जेक्टने शोधायला गेलं की सापडत नाही.

सीए१८२२ म्हणते मेथड स्टॅटिक करा, म्हणजे ऑब्जेक्टची नाही तर क्लासची. प्रायव्हेट (फक्त त्याच क्लासमध्ये वापरली जाणारी) असेल तर बिनधास्त करा, पण पब्लिक (बाहेरूनही कॉल होणारी) असेल तर थांबा, ऑब्जेक्टवरून कॉल करणाऱ्यांचा कोड कंपाइल होणार नाही.

जी वॉर्निंग खरंच सोडायची आहे तिच्या सप्रेसमध्ये जस्टिफिकेशन लिहा, "नंतर बघू" नको, खरं कारण लिहा. आणि एका नियमाला एक कमिट, म्हणजे काही बिघडलं तर तेवढाच मागे घेता येतो.